पटावरील खेळांची गती : नियमांचा मजकूर आणि प्रत्यक्ष डाव

बैठ्या खेळांविषयी मराठीत जे लेखन आढळते त्याचे स्थूलमानाने दोन प्रकार दिसतात. खेळ कसा खेळावा हे सांगणारे लेखन हा पहिला प्रकार, आणि खेळाचे मूळ, त्याचा धर्माशी, राजदरबाराशी किंवा लोकजीवनाशी असलेला संबंध शोधणारे लेखन हा दुसरा. कवितेची किंवा नाटकाची समीक्षा व्हावी त्याप्रमाणे खेळाच्या रचनेची समीक्षा मात्र क्वचितच वाचावयास मिळते. जी मिळते तिच्यात एक विधान वारंवार येते, ते म्हणजे अमुक खेळ ‘संथ’ आहे आणि तमुक खेळ ‘जलद’ आहे. हे विधान कशाच्या आधारे केले जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. नियमांचे पुस्तक वाचून खेळाची गती कळते काय? कळत नसेल, तर ती कशी कळते?

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘भूमिकापालन’ ही अध्यापनपद्धती शिकविली जाते, आणि ४८ मिनिटांच्या तासिकेत एखादा भूमिकाखेळ घेऊ पाहणाऱ्या प्राध्यापकाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी भेडसावतो. कागदावर सुटसुटीत वाटलेला खेळ घंटा होईपर्यंत पहिल्या फेरीच्या पुढे सरकत नाही. याहूनही गंभीर बाजू अशी की आपल्याकडील जुने पटखेळ खेळणारी पिढी हळूहळू मावळत आहे आणि मागे उरत आहेत ते फक्त लिहून ठेवलेले नियम. त्या नियमांत खेळाची गती नसेल, तर आपण नेमके काय जतन करीत आहोत याचा विचार करावा लागेल.

प्रथम सारीपाटाचे उदाहरण घेऊ. सोलापुरासारख्या बहुभाषी शहरात हा खेळ एकाच वस्तीत वेगवेगळ्या नावांनी ओळखला जातो. मराठी घरात तो सोंगट्या किंवा सारीपाट असतो, कन्नड घरात पगडे असतो, तर विणकामाच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांत त्याला पच्चीस म्हणतात. नियमांचे पाठही घरोघरी वेगळे. त्यांपैकी सहा कवड्यांचा एक साधा पाठ विचारासाठी घेतला आहे. उताण्या पडलेल्या कवड्या मोजावयाच्या. दोन ते सहा उताण्या पडल्यास तेवढेच दान, एकच उताणी पडल्यास दहा, आणि सर्व पालथ्या पडल्यास पंचवीस. सहा, दहा आणि पंचवीस या दानांवर पुन्हा टाकण्याचा हक्क मिळतो.

कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समान मानली तर ६४ पैकी एकदा पंचवीस, सहा वेळा दहा आणि एकदा सहा पडतील. एका टाकीत सरासरी ४.२३ घरे मिळतील. आठांतून एकदा पुन्हा टाकावयास मिळत असल्याने एका पाळीची सरासरी ४.८४ इतकी होते. मधल्या घरातून निघून, पटाला पूर्ण वळसा घालून पुन्हा मधल्या घरात शिरण्यासाठी एका सोंगटीला ८४ घरे चालावी लागतात. चार सोंगट्यांची मिळून ३३६ घरे झाली. एकही सोंगटी मारली गेली नाही, एकही दान वाया गेले नाही आणि सोंगटी बसविण्यासाठी काही घरांत पाळली जाणारी विशिष्ट दानाची अट बाजूला ठेवली, तर एका खेळाडूला सुमारे ७० पाळ्या लागतात.

आता याच खेळाचा इंग्लंडमध्ये तयार झालेला अवतार पाहू. १८९६ साली तेथे लूडो या नावाने एका खेळाचे पेटंट घेतले गेले. हा पचिशीचाच सोपा केलेला प्रकार होता. त्यात कवड्यांऐवजी एक चौकोनी फासा आला, भिडूंची जोडी गेली आणि वाट आखूड झाली. घरातून बाहेर पडल्यावर एका सोंगटीला ५६ घरे, म्हणजे चौघींना २२४ घरे चालावी लागतात. बाहेर पडण्यासाठी सहा पडावाच लागतो आणि पहिला सहा पडेपर्यंत सरासरी पाच टाकी फुकट जातात. सहावर पुन्हा टाकावयास मिळते हे जमेस धरल्यास एकूण ६३ पाळ्यांच्या आसपास हिशेब येतो.

म्हणजे नियमांच्या मजकुरातून काढलेले गणित असे सांगते की ‘संथ’ पचिशी आणि ‘झटपट’ लूडो यांच्यात सातआठ पाळ्यांचाच फरक आहे! कवडी ही नाण्यासारखी समतोल वस्तू नाही, तिचा घाट जसा असेल तशी ती पडते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे हलतील. तरीही दोन्ही खेळ ज्याने खेळले आहेत त्याला हे गणित पटणार नाही. लूडोचा डाव उरकतो आणि सारीपाटाचा डाव संध्याकाळ खातो, हा अनुभव खोटा नाही. मग उरलेला वेळ जातो कोठे?

तो तीन ठिकाणी जातो असे माझ्या लक्षात आले, आणि ही तिन्ही ठिकाणे नियमांच्या पुस्तकाबाहेरची आहेत. कवड्या टाकणे, त्या जमिनीवर स्थिरावणे, उताण्या-पालथ्या वेगळ्या करणे आणि दान पुकारणे या क्रियांचा वेळ हा हाताचा वेळ होय. फाशाचा आकडा डोळ्यांना एकदम दिसतो, तर कवड्या मोजाव्या लागतात. मात्र हा वेळ सरावाने झपाट्याने कमी होतो. नवशिक्याला सहा कवड्या मोजाव्या लागतात, जाणत्याला दान ‘दिसते’. दुसरा वेळ विचाराचा. लूडोत बहुतेक पाळ्यांना करण्याजोगी खेळी एखादीच असते. सारीपाटात समोर बसलेला भिडू असतो, दोन सोंगट्यांचे जुग बांधून ठेवण्याचा किंवा मोडण्याचा निर्णय असतो, फुलीच्या घरात थांबून राहण्याची मुभा असते. लांब फाशांनी खेळल्यास तीन फाशांचे तीन आकडे वेगवेगळ्या सोंगट्यांना वाटून देता येतात, त्यामुळे एकाच दानाच्या अनेक खेळ्या समोर उभ्या राहतात. तिसरा वेळ वाट पाहण्याचा. चौघे खेळत असता प्रत्येकाने एक मिनिट घेतले तर कोणाच्याही वाट्याला तीन मिनिटे स्वस्थ बसणे येते.

‘हा खेळ संथ आहे’ या तक्रारीत या तीन वेळांची सरमिसळ होते, आणि तेथेच समीक्षा घसरते. हाताचा वेळ हा बहुधा दोषच असतो. विचाराचा वेळ हा पुष्कळदा खेळाचा प्राण असतो. वाट पाहण्याचा वेळ दोष ठरेल की गुण, हे त्या वेळात माणसे काय करतात यावर अवलंबून राहते. अबुल फज़लने ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातील चौपडीचे वर्णन केले आहे. दोनशेहून अधिक माणसे त्यात सामील होत, सोळा डाव संपल्याशिवाय कोणास घरी जाण्याची परवानगी नसे, आणि हे प्रकरण क्वचित तीन महिन्यांपर्यंत लांबे. जो उतावीळ होई त्यास मद्याचा प्याला प्यावा लागे. माणसांची पारख करणे हा या खेळामागील बादशहाचा हेतू असल्याचे तो लिहितो. येथे संथपणा हे खेळाचे कामच होते. पट फक्त निमित्त होता आणि खरे निरीक्षण चालू होते ते वाट पाहणाऱ्या माणसांचे.

पाश्चात्त्य देशांतील भूमिकाखेळांकडे वळताना ही दृष्टी उपयोगी पडते. ज्यांना रोलप्लेइंग खेळ म्हटले जाते त्यांत एक सूत्रधार असतो. तो प्रसंग उभा करतो, आणि तीनचार खेळाडू एकेका पात्राच्या वतीने ‘मी आता अमुक करतो’ असे सांगतात. निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा १९७४ साली प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला प्रकाशित खेळ मानला जातो. त्याची पाळेमुळे युद्धखेळांत आहेत, आणि गतीचा वाद त्या मुळातच आहे.

प्रशियाच्या सैन्यासाठी राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. एक खेळी म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे, असा त्यातील संकेत होता. सैन्याची चाल, माऱ्याचा परिणाम, होणारी हानी हे सर्व फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने पंच ठरवीत असे. कोष्टके वाचताना सगळे नेमके आणि शिस्तबद्ध वाटते. प्रत्यक्षात रणांगणावरील दोन मिनिटांचा निकाल काढण्यात पंचाचा त्याहून कितीतरी अधिक वेळ जाई. पुढे मेकेलसारख्या अधिकाऱ्यांनी या जडपणावर टीका केली आणि १८७६ साली व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनानीने कोष्टके व फासे दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारा मुक्त प्रकार पुरस्कारला. खेळ वेगवान झाला. पण त्या वेगाची किंमतही होती, कारण पंच अनुभवी नसेल तर या पद्धतीत काहीच उरत नाही. नियमांनी उचललेले ओझे आता माणसाने उचलावयाचे होते, एवढाच त्याचा अर्थ.

भूमिकाखेळांच्या पन्नासएक वर्षांच्या इतिहासात हीच ये-जा दिसते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रहार लागला की नाही हे ठरविण्यासाठी वजाबाकी करावी लागे, आणि चिलखत जितके चांगले तितका त्याचा आकडा लहान, कधी शून्याखालीही, असा उलटा हिशेब होता. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो सरळ केला. फाशाच्या आकड्यात बेरीज करावयाची आणि ती ठरलेल्या आकड्याला पोहोचते काय हे पाहावयाचे. ही सुधारणा निःसंशय हाताचा वेळ वाचविणारी होती. परंतु त्याच आवृत्तीत परिस्थितीनुसार मिळवावयाच्या लहानलहान आकड्यांची संख्या इतकी वाढली की वाचलेला वेळ दुसऱ्या दाराने निघून गेला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने यातील पुष्कळ आकडे काढून टाकले आणि त्यांच्या जागी एकच उपाय आणला. परिस्थिती अनुकूल असेल तर वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यावयाचा, प्रतिकूल असेल तर लहान. मजकूर म्हणून हा नियम मामुली वाटतो, पण खेळताना त्याचे मोल कळते. बेरीज करताना माणूस मान खाली घालून कागद पाहतो, दोन फासे पाहताना सगळे जण एकत्र पटाकडे पाहतात. वाट पाहणारेही खेळात राहतात.

याउलट व्हिन्सेंट बेकर व मेगे बेकर यांच्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ (२०१०) या खेळात सूत्रधार फासे टाकतच नाही आणि पाळ्यांचा ठरलेला क्रमही नाही. खेळाडू दोन फासे टाकतो. दहा किंवा अधिक आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होते पण काहीतरी मोजावे लागते, सहा किंवा कमी आले तर सूत्रधाराला मोकळे रान. वाचणारा म्हणेल, याहून जलद काय असणार? हिशेब तर नाहीच. परंतु सात ते नऊ हा निकाल आला की ‘काय मोजावे लागते’ हे त्या क्षणी कोणीतरी सुचवावे लागते. पुस्तक पर्याय देते, तरी प्रसंगाला साजेसा तपशील माणसालाच सुचावा लागतो. सुचला तर खेळ वाऱ्यासारखा पळतो, न सुचला तर पाच माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात. येथे हाताचा वेळ जवळजवळ नाहीसा होऊन त्याची जागा कल्पकतेच्या वेळाने घेतली आहे, आणि तो वेळ कोणत्याही गणिताने आधी काढता येत नाही.

नियमांच्या पृष्ठसंख्येवरून गती ठरविण्याची सवय तर सर्वांत फसवी. ब्रिजचे बोलीचे संकेत शिकण्यात महिने जातात, तरी स्पर्धांमध्ये एका डावाला साधारण साडेसात मिनिटे पुरतात. बुद्धिबळाच्या सोंगट्यांची चाल लहान मूल एका दुपारी शिकते, आणि १८५१ च्या लंडन स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या संथ खेळावरून हॉवर्ड स्टाँटनसारख्या खेळाडूने जाहीर तक्रार केली होती. बुद्धिबळातील हा प्रश्न चालींचे नियम बदलून सुटला नाही. १८८३ च्या लंडन स्पर्धेत जोडघड्याळे आली आणि विचाराच्या वेळालाच मर्यादा घातली गेली. आपल्या देशी बुद्धिबळातही एक बोलके उदाहरण आहे. तेथे प्याद्याला पहिल्या खेळीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. केवळ नियम वाचणारा म्हणेल की डावाची सुरुवात रखडत असली पाहिजे. पण प्रतिपक्षाच्या हद्दीत न शिरता आरंभीच्या काही खेळ्या एकदम करून घेण्याचा रिवाज खेळणाऱ्यांनी अनेक ठिकाणी पाडला होता. नियमाने निर्माण केलेली अडचण बैठकीने सोडविली. मीर सुलतान खान याच देशी पद्धतीत तयार झाला आणि १९२९ साली ब्रिटनचा विजेता ठरला.

मग गती जाणून घ्यावयाची कशी? एकट्याने पुस्तक समोर ठेवून दोन्ही बाजूंनी खेळून पाहणे हा मार्ग पुष्कळ जण अवलंबतात. कोणता नियम कोणत्या पानावर शोधावा लागतो, हिशेब कोठे अडतो, हे त्यातून कळते. पण एकट्याच्या खेळात कोणी कोणाची वाट पाहत नसते आणि कोणी कोणाला समजावून सांगत नसते, त्यामुळे ही चाचणी नेहमी खेळाच्या बाजूने झुकते. जाणत्यांच्या बैठकीत जाऊन बसावे, तर त्यांचा सराव खेळाचे सगळे खाचखळगे बुजवून टाकतो. आणि पहिलीच बैठक प्रमाण मानावी, तर तीत खेळाची गती कळत नाही, आपल्या अज्ञानाची कळते. प्रस्तुत लेखकाने सारीपाटाचे वरील गणित मांडल्यानंतर तो अनेक वर्षांनी पुन्हा खेळून पाहिला, तेव्हा पहिल्या डावातील निम्मा वेळ कवड्या पुन्हा मोजण्यात आणि ‘पंचवीस की दहा’ या वादात गेला. तिसऱ्या डावात तो वाद नव्हता, मात्र जुग मोडावे की ठेवावे यावर भिडूशी चाललेली कुजबुज वाढली होती. डाव पहिल्याइतकाच लांबला, परंतु लांबण्याचे कारण संपूर्ण बदलले होते. घड्याळाने हे दोन्ही डाव सारखेच दाखविले असते.

म्हणून समीक्षकाने मिनिटे मोजण्यापेक्षा खेळ जेथे जेथे थांबला ती स्थळे टिपावीत असे सुचवावेसे वाटते. पुस्तक उघडण्यासाठी थांबला काय, बेरजेसाठी थांबला काय, की निर्णय कठीण होता म्हणून थांबला? आणि तो थांबला असता बाकीचे पटाकडे पाहत होते की इतरत्र? तिसऱ्या-चौथ्या बैठकीतही पुस्तकासाठीच थांबावे लागत असेल तर दोष नियमांचा आहे असे खुशाल लिहावे. यावर कोणी आक्षेप घेईल की तीनचार बैठका देण्याइतका वेळ परीक्षण लिहिणाऱ्याजवळ नसतो. आक्षेप रास्त आहे, पण मग ‘संथ’ आणि ‘जलद’ ही विशेषणेही त्याने वापरू नयेत. नाटकाची संहिता वाचून प्रयोगाच्या लयीवर अभिप्राय देणारा समीक्षक आपण गंभीरपणे घेत नाही.

नवी मुंबईतील गेमटियन या कंपनीने २०१६ साली भ्रमणध्वनीवर आणलेला ‘लूडो किंग’ या विवेचनाची वेगळी बाजू दाखवितो. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर पोहोचला. येथे फासा यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते, आणि वाद घालण्यास जागाच नसते. हाताचा वेळ शून्यावर आला. तरीही त्यात पुढे झटपट खेळाचा वेगळा प्रकार द्यावा लागला, याचे कारण पाळ्यांची संख्या तीच राहिली होती. पटावर ज्या साठपासष्ट पाळ्या गप्पांत विरघळून जात, त्या पडद्यावर उघड्या पडल्या. विशेष म्हणजे घरापासून दूर असलेल्या नातलगांनी टाळेबंदीत हा खेळ खेळताना दुसऱ्या फोनवर बोलणे चालू ठेवल्याचे अनेकांना आठवत असेल. वाट पाहण्याचा वेळ त्यांनी पुन्हा भरून काढला होता.

हे सर्व ध्यानात घेऊन आपल्या जुन्या खेळांच्या नोंदींकडे पाहिले की त्यांतील उणीव जाणवते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचे उदाहरण घ्या. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा व प्रधान धरून बारा, अशी १२० पाने. निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रम सरळ आणि निम्म्यांत उलटा. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जगविली, त्यामुळे पाने आज पाहावयास मिळतात. तिघांत प्रत्येकी चाळीस पाने आणि उलटसुलट क्रम हे वाचून कोणीही म्हणेल की हा खेळ अतिशय संथ असला पाहिजे. पण प्रत्येक रंगाच्या पार्श्वभूमीचा रंग वेगळा असतो. सरावलेला डोळा त्या रंगावरूनच क्रम सरळ की उलटा हे ओळखत असेल काय? चाळीस गोल पाने हातात धरून लावण्यास किती वेळ लागे? गेलेली पाने लक्षात ठेवण्याचा ताण किती असे, आणि त्यासाठी बैठकीत शांतता पाळली जाई की उलट बोलून प्रतिपक्षाला चुकविले जाई? संच आता मुख्यतः भेटवस्तू म्हणून विकत घेतला जातो आणि काचेच्या चौकटीत लावला जातो. या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या हातांत होती त्यांपैकी जे कोणी कोकणात वा अन्यत्र अद्याप खेळतात, त्यांच्या एकेका डावाचे आरंभापासून शेवटापर्यंत चित्रण करून घेणे हे काम इतिहास, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांना एकत्रितपणे करता येईल. सारीपाटाच्या बाबतीत तर त्यासाठी सोलापूर सोडण्याचीही गरज नाही. मराठी, कन्नड व तेलुगू अशा तीन घरांतील तीन डाव, कवड्या सहा की सात येथपासून दान कोण पुकारतो येथपर्यंत, याच शहरात टिपता येतील.